‘आम्ही आधी आलो होतो’: कॅज्युअल्टीच्या दारातली निवड

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात एप्रिलच्या पहाटे गेलात, तर हापूसची प्रतवारी करणारी माणसं दिसतील. हा आजच्या आज विकायला हवा, हा दोन दिवस टिकेल, याला अजून चार दिवस पेंढ्यात ठेवा, हा गेला. कापून कुणी बघत नाही. देठाजवळ अंगठा, सालीवर नजर, नाकाशी वास, की आंबा आपल्या ढिगात.

मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या टेबलापाशी जी सिस्टर उभी असते, तिच्या कामाला ‘ट्रायाज’ म्हणतात. हा शब्दही असाच बाजारातून आलाय. फ्रेंचमध्ये ‘त्रिए’ म्हणजे निवडणं, वेगळं करणं. लोकर आणि कॉफीच्या बिया यांच्या प्रतवारीसाठी तो वापरला जायचा, आणि पुढे तो जखमी माणसांना लागला. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचा सर्जन होता. त्याने शिरस्ता पाडला की जखमींचा क्रम हुद्द्यावरून लावायचा नाही, जखमेवरून लावायचा. आधी ज्याचा जीव जातोय तो, मग तो शिपाई असो की सरदार. याला दोनशे वर्षं उलटून गेली. आपल्याकडे मात्र अजून ‘साहेबांचा फोन आलाय, यांना आधी घ्या’ ऐकू येतं.

मी ठाण्यात राहते. आयुष्याची अठरा वर्षं कॅज्युअल्टीत काढली आणि आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. या अठरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, तर ‘सिस्टर, आम्ही आधी आलो होतो.’ म्हणणाऱ्याचं चुकत नाही. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, बँकेत हाच न्याय असतो आणि तो बरोबरच आहे. कॅज्युअल्टीत तो का चालत नाही, हे मात्र कुणी त्याला समजावून सांगत नाही. आम्हीही नाही. तेवढी फुरसत नसते आणि खरं सांगायचं तर तेवढा धीरही उरलेला नसतो.

टेबलावरची सिस्टर ‘काय झालंय’ हे शोधत नसते. ते डॉक्टरांचं काम. आंबा कापून बघायचा नाही, म्हणतात ना, तसंच. तिच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: या माणसाला किती वेळ थांबवलं तर चालेल? आजारी तर सगळेच असतात, म्हणून तर आलेत. त्यातून ‘हा अर्धा तास बाकावर बसला तरी त्याचं काही बिघडणार नाही’ असं म्हणायची जबाबदारी तिच्या अंगावर असते. त्यासाठी तिला मिळतात दोन ते पाच मिनिटं.

एक संध्याकाळ, पाच माणसं

समजा जुलै आहे. घोडबंदर रोड तुंबलाय, दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. दहा मिनिटांत पाच जण येतात.

एकाला रिक्षातून उचलूनच आणलंय, ओठ निळे पडलेत, श्वासाला धाप. कोपरीहून एक आजी आल्यात. त्यांना कुठेच दुखत नाही, फक्त तासाभरापासून बोलणं जड झालंय आणि उजव्या हातातून पेला सुटला. एका तरुणाच्या पोटात सकाळपासून उजव्या बाजूला खाली दुखतंय, दोनदा उलटी झाली. एक मुलगा सायकलवरून पडलाय, मनगट सुजलंय, तो रडतोय आणि वडील त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडतायत. पाचवा टाके काढायला आलाय, कारण ओपीडी बंद झाली.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड वुर्झ आणि डेव्हिड आयटेल या दोन डॉक्टरांनी पाच पायऱ्यांची एक पद्धत बसवली. ती आज जगभर, आपल्याकडच्या अनेक खाजगी हॉस्पिटलांतही वापरली जाते. तिची मजा अशी की ती रोगाचं नाव विचारत नाही. आधी विचारते: आत्ता, या क्षणी काही केलं नाही तर हा माणूस मरेल का? निळ्या ओठांचा माणूस इथेच पहिल्या पायरीवर जातो. त्याचं बीपी घेत बसायचं नाही, सरळ आत.

मग दुसरा प्रश्न: आत्ता ठीक दिसतोय, पण थांबवणं धोक्याचं आहे का? गोंधळलाय का, ग्लानीत आहे का, वेदना असह्य आहेत का? कोपरीच्या आजी इथे येतात. त्या शांत बसल्यात, कुणालाही त्रास देत नाहीत, आणि त्यांच्याच घड्याळाचा काटा सगळ्यात जोरात पळतोय. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातच सीटी स्कॅनचा वेळही धरायचा. म्हणून सिस्टर नातवाला ‘कधीपासून त्रास होतोय’ असं विचारत नाही. ‘शेवटचं अगदी ठीक कधी पाहिलंत?’ असं विचारते. दुपारी झोपून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर घड्याळ झोपायला गेल्या तेव्हापासून सुरू झालेलं असतं.

उरलेल्या तिघांसाठी तिसरा प्रश्न जरा हिशेबी आहे: याच्यावर किती प्रकारची सामग्री लागेल? पोटदुखीच्या तरुणाला रक्त तपासणी, सोनोग्राफी, सलाईन, कदाचित सर्जनलाही बोलवावं लागेल. म्हणजे दोन किंवा जास्त, तो तिसऱ्या पायरीवर. सायकलवाल्या मुलाला एक एक्स-रे, म्हणजे चौथी. टाके काढायला काहीच लागत नाही, पाचवी. यात एक गंमत आहे, परीक्षेत मुलं इथे हमखास चुकतात. रक्ताच्या पाच तपासण्या पाठवल्या तरी ती सामग्री एकच धरायची. तोंडाने द्यायची गोळी, धनुर्वाताचं इंजेक्शन किंवा हाताची झोळी ही तर सामग्रीच धरायची नाही.

तिसरी पायरी ठरली की सिस्टरने एकदा मागे वळून बघायचं असतं. मोठ्या माणसाची नाडी १०० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर किंवा ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला दुसऱ्या पायरीवर चढवायचं का, याचा पुन्हा विचार करायचा. पोटदुखीवाल्याची नाडी १२४ निघाली, तर तो आता ‘सकाळपासून दुखतंय’ राहिला नाही.

आणि ओरडणारे वडील? त्यांचा मुलगा चौथ्या पायरीवरच. पण त्याच्या हाताला पट्टी बांधून दुखणं कमी करायचं औषध लगेच देता येतं, आणि ते द्यायलाच हवं. थांबवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नसतं. तेवढं केलं की वडिलांचा आवाजही खाली येतो, हा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियात अशाच पाच पायऱ्यांना मिनिटं बांधून दिलीत: लगेच, १० मिनिटांत, ३० मिनिटांत, ६० आणि १२०. इंग्लंडमधल्या मँचेस्टर पद्धतीत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग आहेत. दक्षिण आफ्रिकेने कमी माणूसबळ आणि जास्त गर्दी डोळ्यांपुढे ठेवून आपली वेगळी पद्धत केली. दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा, हिरवा एवढ्या तीनच रंगांवर भागवलं: लाल म्हणजे लगेच आत, हिरवा थांबू शकतो, पिवळा दोघांच्या मधला. आपल्या सरकारी कॅज्युअल्टीतली गर्दी बघता तीन रंगच जास्त व्यवहारी वाटतात, असं माझं मत. पाच पायऱ्यांत मधल्या पायरीवर सगळ्यांना कोंबायची सवय लागते, आणि मग पायऱ्या असून नसल्यासारख्या होतात.

‘कसंतरी होतंय’

पुस्तकात ‘छातीत दुखणे’ असं लिहिलेलं असतं. आपली माणसं तसं बोलत नाहीत. ती म्हणतात, छातीत भरून आलंय. जीव घाबरा होतोय. हातपाय गळाले. डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात गोळा उठतोय. आणि सगळ्यात अवघड म्हणजे: कसंतरी होतंय.

नवी मुंबईत केरळहून आलेल्या किती तरी सिस्टर काम करतात, आणि त्यांच्या कामाला तोड नाही. त्यातली एक माझ्या हाताखाली नवीन आली तेव्हा ऐरोलीच्या एका काकूंच्या कागदावर तिने लिहिलं होतं, ‘भीती वाटते’. काकू म्हणाल्या होत्या, ‘घाबरं होतंय गं बाई.’ शब्दकोशात बघितलं तर तिचं बरोबरच होतं. पण मराठीत ‘घाबरं होणं’ म्हणजे नुसती भीती वाटणं नव्हे. छाती धडधडणं, श्वास न पुरणं, आतून काहीतरी निसटतंय असं वाटणं, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. काकूंना मधुमेह होता, घाम फुटला होता. ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका दिसला.

मधुमेही माणसं, म्हातारी माणसं आणि बायका यांच्यात छातीत कळ न येताच झटका येणं बरंच दिसतं. जबडा दुखतो, पाठीत भरून येतं, उलटी होते, नुसता दम लागतो. ‘पित्त झालंय’ म्हणून बायका घरीच लिंबूपाणी पीत बसतात. म्हणून झटक्याची शंका आली की दारात पाऊल टाकल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, असा जगभरचा दंडक आहे. केस पेपर निघाल्यापासून नव्हे, दारातून आत आल्यापासून.

तेव्हापासून मी नव्या मुलींना मराठी दुखण्यांची यादी करायला लावते. आगरी कुटुंबात कसं म्हणतात, मुरबाडकडचा माणूस कसं म्हणतो, तुमची आजी कसं म्हणते. हसतात, पण करतात. आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगते: पेशंट स्वतः ‘मी आता वाचत नाही’ म्हणाला तर हसण्यावारी न्यायचं नाही. शरीराला पुष्कळदा मशीनच्या आधी कळतं.

श्वास मोजा, अंदाज करू नका

नाडी मशीन मोजतं, बीपी मशीन मोजतं, ऑक्सिजन बोटावरचं क्लिप सांगतं. श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो, छातीकडे बघत, हातात घड्याळ धरून, निदान अर्धा मिनिट आणि खरं तर पूर्ण मिनिट. म्हणूनच तो कुणी मोजत नाही. जुने केस पेपर काढून बघा, श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, १८, २०, १८. एवढी माणसं एकसारखा श्वास घेत होती?

बिघाड सुरू झाल्याचं पहिलं लक्षण पुष्कळदा श्वासच देतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरायला लागला, शरीरात आम्ल वाढलं, आतून रक्त जायला लागलं, की बीपी पडायच्या बरंच आधी श्वासाची गती वाढते. तरुण माणसाचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. मोजताना पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर तो जाणूनबुजून श्वास घ्यायला लागतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची.

मशीनवर किती विश्वास टाकायचा, याचीही एक गोष्ट आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळ करताना चक्कर येऊन पडलेली मुलगी आणतात. क्लिप लावलं की ऑक्सिजन ९९. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण साधं क्लिप ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त यांतला फरक ओळखूच शकत नाही. इथे आकडा खोटा असतो आणि प्रश्न खरा: बाथरूममध्ये गीझर गॅसचा आहे का? खिडकी उघडी होती? घरात अजून कुणाचं डोकं दुखतंय? एवढं विचारणारी सिस्टर टेबलावर असेल तर मुलीला लगेच मास्कने भरपूर ऑक्सिजन सुरू होतो.

पावसाळ्यात अशी आणखी एक फसवणूक असते, ती डेंग्यूची. ‘ताप उतरला सिस्टर, आता बरं आहे, फक्त पोटात दुखतंय आणि अशक्तपणा आहे.’ आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा सुस्ती, यातलं काहीही असेल तर ताप उतरलेला पेशंट ताप असलेल्यापेक्षा आधी आत जातो. बीपी १००/८४ आलं तर वरचा आकडा बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे खूप भेटतात. दोन आकड्यांत फक्त १६ चं अंतर उरलंय, हे बघायचं असतं. २० किंवा त्याहून कमी म्हणजे धोका.

उन्हाळ्याचं उदाहरण नवी मुंबईला वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने डझनाहून जास्त माणसं गेली. उन्हात थकलेला आणि उष्माघात झालेला यांच्यात फरक करणारी खूण एकच पक्की, ती म्हणजे भान. घाम येतोय की नाही यावर जाऊ नका. माणूस असंबद्ध बोलतोय, ओळखत नाही, झटके येतायत आणि अंग भाजतंय, तर तो लाल. त्याला आधी गार करायचं, पाणी, पंखा, बर्फ जे मिळेल त्याने. बाकीचं नंतर.

माझी चूक

हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कुठल्या हॉस्पिटलात, ते सोडून देऊया.

पहाटे पाचची वेळ, नाईट संपत आलेली. शहापूरकडून पंचविशीतला एक मजूर आणला. पोटात दुखतंय, अंगात त्राण नाही, डोळे सारखे मिटतायत. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, ताप नाही. बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, रात्री प्यायला असणार. हिरव्यात टाकला आणि बाकावर बसवलं. बरोबर त्याची आई होती.

वीसेक मिनिटांनी ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘बाय, त्याला थुंकी गिळता येईना.’

मी जाऊन त्याचं तोंड बघितलं. पापण्या झोपेने मिटत नव्हत्या, त्या त्याला उचलताच येत नव्हत्या. तो रात्री झोपडीत जमिनीवर झोपला होता. मण्यार चावला होता. मण्यार रात्री झोपेत चावतो, दात सुईसारखे बारीक, खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. कित्येकांना जाग येते ती पोटदुखीने. विष नसांवर काम करतं: आधी पापण्या, मग गिळणं, मग मान, मग श्वास. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ते सुरू झालं, पण त्याआधी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. तो वाचला. नवव्या दिवशी स्वतःच्या पायांनी गेला.

मण्यारबद्दल मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. लेखी परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. पहाटे पाच वाजता, मळके कपडे घातलेला, डोळे मिटणारा मजूर समोर आल्यावर ते ज्ञान माझ्या डोक्यातून टेबलापर्यंत पोहोचलं नाही. मध्ये ‘प्यायला असणार’ हे वाक्य आडवं आलं. तोंडाचा वास घ्यायचीही तसदी मी घेतली नव्हती.

येतं आणि जमतं

परिचारिकांच्या ट्रायाजवर जगभर जे अभ्यास झाले, त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. कागदावरचं ज्ञान आणि टेबलावरचं कसब या दोन वेगळ्या गोष्टी निघतात. उत्तर कॅलिफोर्नियात ५० लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण तीनातल्या एकाची पायरी चुकलेली आढळली. त्यातल्या बहुतेकांना गरजेपेक्षा वरची पायरी मिळाली होती, थोड्यांना खालची. प्रशिक्षण, यंत्रं, मनुष्यबळ सगळं असलेल्या ठिकाणची ही गोष्ट.

दोन्ही चुका सारख्या नाहीत. वरची पायरी दिली तर एक खाट उगाच अडते, कुणाचा तरी वेळ जातो. खालची दिली तर माझ्या मजुरासारखं होतं. म्हणून अपघाताच्या जखमींबाबत अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने हिशेबच असा ठेवलाय की गंभीर जखमी खाली टाकण्याची चूक ५ टक्क्यांच्या आत हवी, आणि त्यासाठी २५ ते ३५ टक्के लोक उगाच वर गेले तरी चालतील. शंका आली तर वर ढकला, असा याचा अर्थ. पण सगळ्यांनाच लाल करत गेलात तर लाल रंगाला काही किंमत उरत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे दुखणं वेगळंच आहे. ट्रायाजच्या टेबलावर बसवतात कुणाला? बऱ्याच ठिकाणी सगळ्यात नव्या मुलीला. ‘बीपीच तर घ्यायचंय’ म्हणून. खरं तर तिथे सगळ्यात मुरलेली सिस्टर हवी. सरकारी नोकरीत कॅज्युअल्टीत हात बसला की बदली होते, डोळ्यांच्या वॉर्डात नाहीतर बाळंतिणींकडे. इमर्जन्सी आणि आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम भारतीय नर्सिंग कौन्सिलने आखून दिलाय, पण तो केलेली मुलगी टेबलावर येईलच याची खात्री नाही. वर्षांचा अनुभवही आपोआप कामी येत नाही. वीस वर्षं श्वास न मोजलेली सिस्टर एकविसाव्या वर्षीही १८ च लिहिते.

शिकवायचं कसं, तर मी खोटे पेशंट करते. एक विद्यार्थी पेशंट, एक ओरडणारा नातेवाईक, एक ‘साहेबांचा माणूस’. टेबलावरची मुलगी रंग ठरवते आणि कारण मोठ्याने सांगते. ‘मला वाटलं’ चालत नाही. काय बघितलं, काय मोजलं, काय विचारलं, ते सांगायचं. पुढचं आणखी अवघड असतं: डॉक्टरांना फोन करून ठामपणे सांगणं, ‘सर, सहा नंबरच्या बाकावरचा पेशंट लाल आहे, तुम्ही आत्ता या.’ चांगल्या चांगल्या मुलींचा आवाज इथे खाली जातो.

मोठा अपघात झाला की हे सगळं उलटं होतं. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून खाली पडले. अशा वेळी एरवीचा ‘सगळ्यात गंभीर आधी’ हा नियम ‘जास्तीत जास्त जीव वाचतील असा क्रम’ असा बदलतो. प्रत्येकासाठी मिनिटही नसतं. चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, हनुवटी वर करून वाट मोकळी केली तरी नाही, तर काळा. वाट मोकळी केल्यावर श्वास सुरू झाला, श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही, किंवा ‘हात वर कर’ म्हटलेलं कळत नाही, तर लाल. राहिले ते पिवळे. काळी पट्टी बांधताना हात थरथरतो, आणि तो थांबवण्यासाठीच आधी सराव करायचा असतो. त्यातून एक चकवा असा की चालती-फिरती माणसं रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात सगळ्यात आधी पोहोचतात. खाटा हिरव्यांनी भरतात आणि मग लाल येतात.

टेबलापाशी काय सांगाल

तुम्ही कुणाला घेऊन आलात, तर गोष्ट सुरुवातीपासून सांगू नका. आत्ता काय होतंय, शेवटचं ठीक कधी होतं, साखर-बीपी-हृदयाचं काही आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, एवढं आधी. गोळ्यांची पिशवी घरातून उचलून आणा. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप असेल तर तेच पहिलं वाक्य असू द्या. बाकी काही विचारायच्या आत ते बाळ आत जायला हवं. ‘आधी केस पेपर काढून या’ म्हणून गंभीर माणसाला कुणी परत पाठवत असेल, तर १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचा परमानंद कटारा खटल्यातला निकाल आहे: आधी जीव वाचवायचा, कागद आणि पोलीस नंतर.

आणि बाकावर बसवलं असेल तर बसा, पण पेशंटकडे बघत बसा, मोबाईलकडे नको. रंग एकदा लावला की कायमचा नसतो, तो पुन्हा पुन्हा बघायचा असतो. माझ्या त्या पहाटेनंतर मी दर अर्ध्या तासाने टेबल सोडून बाकांवरून एक फेरी मारायची सवय लावून घेतली, शेवटच्या बाकापासून सुरुवात करून. शिकाऊ मुली विचारतात, मागून का? पुढच्या बाकांवरचे दर पाच मिनिटांनी येऊन आपणहून सांगतातच. तुमचा माणूस मागच्या बाकावर असेल आणि मघापेक्षा जास्त वाटत असेल, तर फेरीची वाट बघू नका. सिस्टरने रागाने बघितलं तरी चालेल. त्या मजुराच्या आईकडे मीही तशीच बघितली होती.